सशाला काम हवं असतं

घरातला ससा मोबाइलच्या चार्जरची वायर कुरतडतो, गालिच्याचा कोपरा खरवडतो, सोफ्याखाली घुसून अस्तर फाडतो आणि रात्री पिंजऱ्याचे गज दातांत धरून खडखडवतो. घरातले त्याला खोडकर ठरवतात. कुणी वायर उंचावर बांधतं, कुणी पिंजऱ्यावर चादर टाकतं. कुरतडणं, उकरणं, अंधाऱ्या जागेत शिरणं आणि वाट अडली की ती मोकळी करणं ही मात्र त्याच्या जातीची रोजची कामं आहेत. मोकळ्या माळावर त्यांना वाव असतो. नोएडातल्या बाराव्या मजल्यावर किंवा दिल्लीच्या द्वारकेतल्या बाल्कनीत त्याच्या वाट्याला येते गुळगुळीत फरशी, लोखंडी जाळी आणि वाटीत आयतं टाकलेलं खाणं. दिवसभर करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो समोर येईल त्या वस्तूचं काम करून टाकतो.

सशासाठी खेळणं करायचं म्हणजे हीच कामं त्याला परत द्यायची. त्यासाठी लागणारं सामान दिल्लीतल्या कुठल्याही घरात दर आठवड्याला येतं आणि बाहेर टाकलंही जातं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारी खेळणी बहुतेक कुत्र्या-मांजरांचा विचार करून केलेली असतात. त्यांतलं रबर, प्लास्टिक, पिसं आणि घुंगरू सशाच्या फारसे उपयोगाचे नाहीत, आणि रबर-प्लास्टिकचे तुकडे तर त्याच्या जिवावर बेततात. म्हणून आधी त्याच्या शरीराकडे पाहू. काय बनवायचं ते त्यातूनच ठरतं.

दात, आतडी आणि डोळे

आपण पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवरचा. तिथल्या रानात हे ससे जमिनीखाली बिळांचं जाळं करून टोळीनं राहतात, पहाटे आणि संध्याकाळी बाहेर येऊन चरतात आणि धोका दिसला की क्षणात बिळात नाहीसे होतात. दिल्लीच्या रिजवर किंवा असोला-भाटीच्या अभयारण्यात दिसणारा रानससा वेगळा. तो बीळ खणत नाही, उघड्यावर गवताच्या आडोशाला राहतो आणि त्याची पिल्लं डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं जन्मतः आंधळी आणि बिनकेसांची असतात, कारण ती बिळाच्या उबेत वाढायची असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली रानसशाला संरक्षण आहे, त्याला घरी आणायचं नाही. इथे बोलतोय ते बिळातल्या सशाबद्दल. बाजारात विकायला येतो तो हाच.

या सशाला २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. झिजले नाहीत तर वर्षभरात ते बोटापेक्षाही लांब होतील. मागच्या दाढाही वाढतातच. त्या वाकड्या वाढल्या की त्यांची टोकं जिभेत आणि गालात घुसतात आणि ससा खाणं सोडतो. दाढा झिजतात त्या गवतानं. गवताच्या पात्यात वाळूसारखे कठीण सूक्ष्म कण असतात आणि ससा जबडा आडवा फिरवून मिनिटाला शंभराहून जास्त वेळा चावतो. लाकूड कुरतडल्यानं पुढच्या दातांना आणि मनाला काम मिळतं, दाढांचं काम मात्र गवतच करतं. म्हणून सशाच्या चांगल्या खेळण्यांत गवताला पहिली जागा. त्याच्या रोजच्या आहारात सुमारे ८० टक्के वाळलं गवत असावं, म्हणजे साधारण त्याच्या अंगाएवढा ढीग रोज.

आतड्यांचीही गोष्ट अशीच. सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे आणि ते सरकवतो तो गवतातला चोथा. फोम, रबर, थर्माकोल, नायलॉनचा धागा किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकला तर आतडं बंद पडतं. ससा १० ते १२ तास काही खात नसेल किंवा त्याच्या लेंड्या पडायच्या थांबल्या असतील, तर ते तातडीनं डॉक्टरकडे नेण्याचं दुखणं आहे.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं दिसत नाही. जवळची वस्तू तो नाकानं, ओठांनी आणि मिशांनी ओळखतो. त्यामुळे खेळण्याचा रंग त्याच्या लेखी नगण्य, वास आणि पोत महत्त्वाचे. लाल-पिवळ्या रंगात रंगवलेला लाकडी ठोकळा आपल्या डोळ्यांना सुखावतो. सशाला त्यापेक्षा पुदिन्याचा वास लागलेला तपकिरी पुठ्ठा जास्त बोलावतो.

आयतं नको, कमवू द्या

१९६३ साली ग्लेन जेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर एक प्रयोग केला. खाण्याची भरलेली वाटी समोर होती आणि शेजारी एक दांडी होती, ती दाबली की खाण्याचा एक-एक तुकडा पडायचा. आयतं खाणं हाताशी असतानाही उंदीर दांडी दाबून खाणं मिळवत राहिले. पुढे पक्ष्यांपासून माकडांपर्यंत अनेक प्राण्यांत ही ओढ दिसली. ज्यांच्या पूर्वजांचं आयुष्य अन्न शोधण्यात गेलं, त्यांना शोधायची संधी मिळणं हाच खाण्याचा अर्धा आनंद असतो. बंदिवासातल्या प्राण्यांना असं काम द्यावं, हा विचार १९७० च्या दशकात प्राणिसंग्रहालयांत रुजला आणि सशांच्या बाबतीत तो घरापर्यंत आला. अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांनी १९८५ मध्ये घरात सशासोबत कसं राहावं यावर पुस्तक लिहिलं आणि १९८८ मध्ये त्याच विचारातून हाऊस रॅबिट सोसायटी उभी राहिली. ससा परसातल्या खुराड्यात ठेवायचा प्राणी नाही, तो घरात मोकळा वावरू शकतो, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं. ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांना किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच एवढी जागा कायम मोकळी हवी, असं सांगते. दिल्लीच्या फ्लॅटमध्ये एवढी जागा काढणं अवघड आहे, पण बैठकीच्या खोलीचा एक भाग जाळी लावून सहज वेगळा करता येतो.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याची परंपरा मराठी वाचकाला नवी नाही. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, झाडूच्या काड्या आणि रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलानं खेळणं मोडून पाहावं, उघडून पाहावं, असं ते सांगत आले. सशाच्या खेळण्याला हे तत्त्व तंतोतंत लागू पडतं. ते फाटण्यासाठीच करायचं असतं, त्यामुळे ते स्वस्त असावं आणि पोटात गेलं तरी निरुपद्रवी असावं.

सामान कुठे मिळेल

पुठ्ठा ही पहिली गरज. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी घरात साठतातच. नाही तर किराणा दुकानदार ती आनंदानं देतो, आणि कबाडीवाल्याकडे ‘गत्ता’ मागितला की ढीग समोर येतो. आझादपूर मंडीत हिमाचलचं सफरचंद जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतं. ही खोकी वजन पेलतात आणि त्यांना हवेसाठी भोकंही असतात. लाजपतनगर किंवा चांदनी चौकातल्या कापडाच्या दुकानांत ठाण गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या उरतात, मागितल्या की मिळतात. खोकं घरी आणल्यावर चिकटपट्टी, लेबलं आणि स्टेपलच्या पिना शेवटच्या पिनेपर्यंत काढायच्या. गुळगुळीत रंगीत छपाईचं किंवा आतून मेण-प्लास्टिक लावलेलं खोकं नको. औषधं, कीटकनाशकं किंवा साबण आलेलं खोकंही नको, कारण पुठ्ठा वास आणि रसायन दोन्ही शोषतो. चिकटवायची वेळ आलीच तर गव्हाच्या पिठाची खळ वापरा.

गवतासाठी परदेशी टिमोथी गवताची महागडी पाकिटं घ्यावीच लागतात असं नाही. उत्तर भारतात जईचं, म्हणजे ओटचं, वाळलं गवत मिळतं आणि ते सशाला चांगलं. गणपतीला वाहतो ती दूर्वा, दिल्लीच्या हिरवळीवरची ‘दूब’, हेही उत्तम खाद्य. अनेक ठिकाणी तिचं वाळलं गवत सशांना घालतात. मात्र ती कीटकनाशक न मारलेल्या, कुत्री न फिरणाऱ्या जागेतली हवी, आणि डेंग्यूच्या दिवसांत जिथे धूर फवारणी होते तिथली नको. हिवाळ्यात गुरांसाठी विकायला येणारा बरसीम द्विदल कुळातला आणि कॅल्शियमनं भरलेला असतो, म्हणून प्रौढ सशाला तो चवीपुरताच. गव्हाचा भुसा खाण्याचं गवत नव्हे, त्यात पोषण जवळपास नसतंच.

लाकडात निवड फार काटेकोर हवी. तुती, पेरू आणि सफरचंद यांच्या फांद्या सशाला चालतात. दिल्लीत ‘शहतूत’ रस्तोरस्ती आहे, पण दिल्ली वृक्ष संरक्षण कायदा, १९९४ असल्यामुळे सार्वजनिक झाडाला हात लावायचा नाही. सोसायटीची रीतसर छाटणी झाली की खाली पडलेल्या फांद्या उचला, धुवा आणि उन्हात वाळवा. घरच्या कुंडीतल्या जास्वंदीची पानं-फुलं आणि फवारणी न केलेल्या गुलाबाच्या काटे काढलेल्या काड्याही त्याला आवडतात. आडू, जर्दाळू, आलुबुखारा यांच्या ओल्या फांद्या, पानं आणि बिया टाळा, कारण त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. सगळ्यात जपायचं ते कण्हेरीला. दिल्लीच्या रस्त्यांच्या दुभाजकांवर गुलाबी-पांढऱ्या फुलांनी डवरलेली कण्हेर पानापासून खोडापर्यंत विषारी असते आणि वाळल्यावरही तिचं विष जात नाही. पिवळी कण्हेर, रुई, धोत्रा, घाणेरी, आणि घरातल्या कुंड्यांतले मनी प्लांट व डिफनबेकिया हेही सशापासून दूर.

कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारात लाकडाचे तुकडे फुकट मिळतील, पण त्यांत प्लायवूड, एमडीएफ, सनमायका आणि पॉलिश केलेलं लाकूडच जास्त असतं. त्यांतला डिंक आणि रंग सशाच्या पोटात जाता कामा नये. ओखल्याच्या किंवा नोएडाच्या कारखान्यांबाहेर पडलेली लाकडी पॅलेट घ्यायची असेल तर तिच्यावरचा छाप वाचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णतेनं निर्जंतुक केलेल्या लाकडावर ‘एचटी’ आणि मिथिल ब्रोमाइड वायू दिलेल्यावर ‘एमबी’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. ‘एमबी’ दिसलं की ते लाकूड तिथेच सोडा. छाप नसेल, तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग असतील, तरीही सोडा.

सहा खेळणी

*गवताची नळी.* स्वयंपाकघरातल्या पेपर टॉवेलची किंवा फॉइलची पुठ्ठ्याची नळी घ्या. वीतभर तुकडा कापा आणि कात्रीनं एका बाजूनं उभी चीर द्या. ही चीर विसरू नका. नळीत डोकं अडकलं तर याच चिरेमुळे नळी उघडते आणि ससा सुटतो. आता लांब पात्यांचं गवत घट्ट कोंबा, दोन्ही टोकांना झुपके बाहेर राहतील असं. मध्यभागी पुदिन्याची किंवा कोथिंबिरीची एक काडी लपवा. ससा आधी हुंगतो, मग एक पातं दातात धरून ओढतो. ते बाहेर आलं की मान उंच करून भराभरा चावत आत घेतो आणि पुन्हा ओढतो. पुदिन्यापर्यंत पोहोचायला त्याला सगळं गवत उपसावं लागतं. शेवटी नळीही फाडून ठेवतो. वाटीत घातलेलं गवत तो तुडवतो, त्यावर लघवी करतो. नळीतलं मात्र खातो.

*खोक्याचं घर.* बिळाला एकच तोंड असेल तर ते सशासाठी सापळा ठरतं, म्हणून घराला दोन दारं हवीतच, तीही वेगवेगळ्या बाजूंना. मध्यम आकाराच्या सशाला १५ ते १८ सेंटिमीटरचं दार पुरतं, मोठ्या जातीला थोडं जास्त. खोकं एवढं मोठं असावं की ससा आत पाय ताणून आडवा होईल आणि कान उभे करून बसू शकेल. तळ कापून टाका, म्हणजे ओला पुठ्ठा साठणार नाही आणि खोकं उचललं की लगेच झाडता येईल. दोन खोकी खाचा पाडून एकमेकांत अडकवली की बोगदा तयार होतो. दार थोडं लहान ठेवलंत तरी चालेल. तो ते स्वतः कुरतडून हवं तेवढं करून घेतो, आणि त्या कामात त्याचे दोन दिवस मजेत जातात. मग घरावर हनुवटी घासतो. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. ही जागा माझी, असं तो त्या घासण्यानं जाहीर करतो.

*उकरायची नांद.* उत्तमनगरच्या कुंभार वस्तीत पसरट नांदी आणि परळ मिळतात. जड असल्यामुळे त्या सशाच्या धक्क्यानं उलटत नाहीत. नांदेत साध्या तपकिरी कागदाच्या पट्ट्या आणि गवत भरून तळाशी दूर्वांची जुडी पुरून ठेवा. बाल्कनीत खत-औषध न घातलेली, उन्हात वाळवलेली मातीही चालते. मांजरांच्या टॉयलेटची, ओल लागली की गोळा होणारी माती मात्र नको, ती पोटात जाऊन फुगते. गालिचा खरवडणारा ससा नांद मिळाल्यावर बहुधा गालिच्याकडे फिरकत नाही. विशेषतः माद्यांना उकरण्याची ओढ तीव्र असते, कारण पिल्लांसाठी बीळ खणण्याचं काम निसर्गानं त्यांच्याकडे दिलेलं आहे.

*द्रोण आणि कुल्हड.* साल किंवा पळसाच्या पानांचे द्रोण दिल्लीत ‘दोना’ म्हणून पूजेच्या दुकानांत आणि सदर बाजारात गठ्ठ्यानं मिळतात. काडीनं टाचलेले घ्या, आत प्लास्टिकचा थर दिलेले किंवा पिनेनं टाचलेले नको. दोन द्रोण एकावर एक पालथे घालून आत गवत आणि जास्वंदीचं एखादं पान ठेवलं की छानशी पेटी होते. ती उघडण्यासाठी ससा तिला नाकानं ढकलतो, पायानं दाबतो, मग सरळ पानच खाऊ लागतो. चहाचे कुल्हड धुऊन, वाळवून खोलीत चार-पाच ठिकाणी ठेवा आणि त्याच्या रोजच्या दाण्यातला वाटा त्यांत विभागून टाका. जेवण शोधत फिरण्याची सवय लागते आणि व्यायामही होतो. वेगळा खाऊ द्यायची गरज नाही. गाजर आणि फळं यांत साखर जास्त, म्हणून ती बोटाच्या पेराएवढी, तीही कधीतरी.

*फेकायचा चेंडू.* काही ससे वस्तू दातात धरून मानेच्या झटक्यानं दूर भिरकावतात आणि पुन्हा तिच्यामागे जातात. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या नळीच्या बोटभर रुंदीच्या तीन चकत्या कापा आणि एकीत एक आडव्या-उभ्या अडकवून पोकळ चेंडू करा. आत चिमूटभर गवत. वजन इतकं कमी असावं की तो सहज उचलेल. धागा, रबरबँड, घुंगरू यांची गरज नाही.

*मूढा आणि फांदी.* हरियाणातून येणारे सरकंड्याचे मूढे दिल्लीच्या रस्त्यांच्या कडेला मांडून विकायला असतात. सरकंडा हे गवतच आणि मूंजेची दोरीही त्याच कुळातली, त्यामुळे जुना, बिनरंगाचा मूढा सशासाठी टेहळणीचं आसन आणि कुरतडायची वस्तू दोन्ही होतो. घेताना उलटा करून बघा. खालच्या कडेला टायरचं रबर, नायलॉनची सुतळी किंवा तार असेल तर ती पूर्ण काढता आली तरच तो घरात आणा. त्याच्याशेजारी तुतीच्या फांद्यांची मोळी आडवी ठेवली की साल सोलण्याचं काम आठवडाभर पुरतं.

दिल्लीचे ऋतू आणि सशाचं खेळणं

सशाला १५ ते २० अंशांच्या आसपासचं हवामान मानवतं. पारा २८-३० च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. दिल्लीचा मे-जून ४५ अंशांना भिडतो, तेव्हा दुपारच्या खेळण्याची एकच अपेक्षा, ते थंड असावं. यासाठी मातीचा मोठा, रुंद तोंडाचा माठ आडवा करून विटांनी टेकवा. बाहेरून ओलं कापड गुंडाळा. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडतं आणि आतली हवा गार होते. कुंभाराला आधी सांगितलं तर भाजण्यापूर्वी तो माठाला मागच्या बाजूनं दुसरं तोंडही कापून देतो. रंग किंवा चकाकी लावलेला माठ नको. कोटा फरशीचा तुकडा पाण्यानं पुसून ठेवला तर ससा त्यावर पोट टेकवून पसरतो.

हा उपाय कोरड्या लूच्या दिवसांतला. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल भरलेली असते, पाणी उडत नाही आणि माठ आणि कूलर दोन्ही निकामी ठरतात. तेव्हा ससा वातानुकूलित खोलीतच हवा. भराभर श्वास, तोंडाभोवती लाळ, कडक तापलेले कान आणि गळून गेलेलं अंग ही उष्माघाताची लक्षणं. कान साध्या गार पाण्यानं ओले करत, बर्फ न लावता, लगेच डॉक्टरकडे न्यायचं. पावसाळ्यात ओलसर झालेला पुठ्ठा आणि गवत त्याच दिवशी टाकून द्या, कारण बुरशी सशाला सोसत नाही.

दिवाळीच्या फटाक्यांत खोक्याचं घर सगळ्यात उपयोगी ठरतं. ससा घाबरला की मागचे पाय जमिनीवर आपटून टोळीला इशारा देतो, आणि फार घाबरला तर खाणंच सोडतो. घर दिवाळीच्या आदल्या दिवशी आणून ठेवलं तर त्याला ते परकं वाटतं. महिनाभर आधी दिलं की त्याचा वास त्याला लागतो आणि धमाका झाला की तो आपसूक आत शिरतो. खोक्यावर जाड गोधडी टाका, दोन्ही दारं मोकळी ठेवून. त्यानंतरच्या धुराच्या दिवसांत बाल्कनीतला खेळ बंद आणि नांद घरात. डिसेंबर-जानेवारीची थंडी केसाळ सशाला जड जात नाही, ओल आणि वाऱ्याचा झोत बाधतात. गवतानं भरलेलं खोकं त्याला पुरतं. रूम हीटर असलेल्या खोलीत मात्र ना पुठ्ठा ठेवा, ना गवत, ना मोकळा ससा.

बघत राहणं

सगळी खेळणी एकदम देऊ नयेत. दोन-तीन बाहेर, बाकीची कपाटात, आणि दर तीन-चार दिवसांनी अदलाबदल. घर आणि लपायची जागा मात्र कधीच हलवू नका, तो त्याचा आसरा आहे. नवं खेळणं दिल्यावर पहिल्यांदा समोर बसून पाहा. पुठ्ठा फाडून टाकणारा ससा ठीक. फाडलेला पुठ्ठा मुठीमुठीनं गिळणारा असेल तर गवत वाढवा आणि पुठ्ठा कमी करा. खेळाची वेळ पहाटे आणि सूर्यास्तानंतरची, कारण तेव्हाच तो खऱ्या अर्थानं जागा असतो. दुपारी झोपलेल्या सशाला उचलून खेळण्यापुढे ठेवल्यानं काही साधत नाही.

खेळणं सोबतीची जागा घेऊ शकत नाही, हे लहान मुलांच्या हट्टापायी ससा आणणाऱ्या प्रत्येक घरानं आधी समजून घ्यावं. जुन्या दिल्लीत जामा मशिदीजवळच्या बाजारात इवलीशी पिल्लं हातावर बसवून विकली जातात. आठ आठवड्यांची होण्याआधी आईपासून तोडलेलं पिल्लू अनेकदा जगत नाही, आणि जगलं तर ८ ते १२ वर्षांची जबाबदारी असते. ससा टोळीतला प्राणी आहे. नसबंदी केलेली नर-मादीची जोडी एकमेकांना चाटत, अंगाला अंग लावून झोपत जे सुख मिळवते, ते दुसऱ्या कशानं मिळत नाही. दिल्लीत डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालचं फ्रेंडिकोज १९७९ पासून आणि राजा गार्डनचं संजय गांधी ॲनिमल केअर सेंटर १९८० पासून जखमी आणि बेवारस प्राण्यांसाठी काम करत आहेत. आपल्या भागात सशांवर उपचार करणारा डॉक्टर कोण, हे मात्र ससा आजारी पडण्याआधीच शोधून ठेवावं.

कारण ससा दुखणं लपवतो. रानात जो कमजोर दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून शेवटपर्यंत तो शांत बसून राहतो. अशा प्राण्याच्या घरात रोजचं खेळणं ही रोजची तपासणी असते. काल ज्यानं नळीतलं सगळं गवत उपसलं, त्यानं आज ती तशीच सोडली तर दाढा दुखत असतील. जो मूढ्यावर उडी मारायचा तो खालीच बसला तर पायात किंवा पाठीत काही असेल. जो धावत सुटून हवेतच अंग वळवून उड्या मारायचा, त्याच्या उड्या थांबल्या तर लक्ष द्यायला हवं. वाटीत आयतं खाणाऱ्या सशात हे फरक उशिरा दिसतात, कामात असलेल्या सशात लगेच.

म्हणून घरातल्या मुलांना रविवारी सकाळी एक वही द्या. कोणती नळी फाटली, कोणत्या फांदीची साल गेली, कोणत्या खेळण्याकडे तो फिरकलाच नाही, एवढंच लिहायचं. महिन्याभरात त्या वहीत आपल्या सशाची आवड स्पष्ट होते, आणि पुढच्या रविवारी काय बनवायचं ते तिच्यावरून ठरतं. फाटलेला पुठ्ठा आणि लेंड्यांसकट उरलेलं गवत कुंडीतल्या मातीत मिसळा. त्या खतावर जास्वंद फोफावते आणि तिची पानं पुढच्या द्रोणात कामाला येतात.